कोंबडा एकदा आरवला की दोनदा?

लक्ष्मीबाई टिळक म्हणजे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पत्नी. त्यांचं लग्न 1880 च्या सुमाराचं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ छापून आलं 1934 ते 1936 या काळात. लग्नाच्या आठवणी कागदावर यायला पन्नासहून जास्त वर्षं गेली, तरी त्यातली माणसं आपल्यासमोर बोलताहेत असं वाटतं!

आता येशूचा हिशेब पाहा. त्याला क्रुसावर दिलं इ.स. 30 च्या आसपास. त्याची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. अभ्यासकांच्या मते त्यांतलं मार्काचं साधारण 70 चं, योहानाचं शंभरीला टेकलेलं. लक्ष्मीबाई स्वतःचंच आयुष्य सांगत होत्या. इथे गोष्ट अनेक तोंडांतून फिरली. फरक मोठा आहे.

मग टिकलं काय? येशूला पकडलं त्या रात्रीची त्याच्या शिष्याची, पेत्राची, गोष्ट घ्या. अंगणात तो येशूची ओळख नाकारतो, तीनदा, आणि कोंबडा आरवतो. एवढं चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्याला दुसऱ्यांदा हटकलं कोणी? मार्कात तीच दासी, मत्तयात दुसरी, लूकमध्ये एक पुरुष, योहानात तिथले लोक. मार्काचा कोंबडा दोनदा आरवतो, इतरांचा एकदाच. कोणी कट करून लिहिलं असतं तर निदान कोंबडा तरी जुळवून घेतला असता.

काही मजकूर मात्र घट्ट बांधलेला असतो. साधारण 55 साली करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की मला मिळालं तेच तुम्हांला दिलं. आणि पुढे ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला, दिसला अशी पाठ करण्याजोगी मांडणी येते. ती क्रुसानंतर थोड्याच वर्षांत तयार झाली, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणि कीर्तनात आणला, त्याचं मोल इथे कळतं. वाचता न येणाराही भजन पाठ म्हणतो. एक शब्द गळला की चरण लंगडतो आणि टाळकऱ्याच्या ते लगेच ध्यानात येतं. गद्य गोष्टीवर असा पहारा नसतो.

अर्थात पाठ शाबूत राहिला म्हणून चमत्कार सिद्ध होत नाही. तो वाद निराळा.

तुमच्या घरात भजनं पाठ असलेलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर पुस्तक न दाखवता त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. कोणाकडून शिकलात तेही विचारा. चुकलेला शब्द दुरुस्त करू नका.