भरताच्या पादुका आणि आईची रिकामी खुर्ची

लक्ष्मीबाई नगरात राहायला आलो तेव्हा आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात कढीपत्त्याचं एक डेरेदार झाड होतं. आमच्या आधी तिथे एक तमिळ कुटुंब राहत होतं, त्यांनी ते लावलेलं. निवृत्तीनंतर ते चेन्नईला गेले, झाड इथेच राहिलं. गेली काही वर्षं त्याचा कढीपत्ता माझ्या फोडणीत पडतोय. आमची बदली होईल किंवा ह्यांची नोकरी संपेल, तेव्हा तो आणखी कुणाच्या तरी फोडणीत पडेल. सरकारी वसाहतीत राहणाऱ्या प्रत्येकीला हे मनातून माहीत असतं, घर आपलं नाही. आपण फक्त सांभाळायचं. तरीही आपण पडदे शिवतो, कुंड्या आणतो, खिळा ठोकताना दहादा विचार करतो आणि शेवटी ठोकतोच.

दिल्लीत मराठी नाव असलेल्या या वसाहतीचा मला उगाचच अभिमान आहे. झाशीची राणी म्हणजे तांब्यांची लेक आणि नेवाळकरांची सून. पण आज सांगायचंय ते राणीबद्दल नाही, भरताबद्दल. टीव्हीवरच्या भरताबद्दल.

मार्च 2020 आठवतोय ना मैत्रिणींनो? 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून सगळा देश बंद. त्याच आठवड्यात माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकरांनी जाहीर केलं की रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा दाखवणार. 28 मार्चपासून दूरदर्शनवर सकाळी नऊ आणि रात्री नऊ. माझी आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची, वाईला गणपती आळीत एकटी. बाबा जाऊन सहा वर्षं झालेली. मी एकुलती एक. मधे चौदाशे किलोमीटर आणि सगळे रस्ते बंद.

'रामायण' पहिल्यांदा लागलं 25 जानेवारी 1987 ला. तेव्हा मी शाळेत होते. रविवारी सकाळी आमच्याकडे अर्धी आळी जमायची, कारण टीव्ही आमच्याकडे होता. बायका चपला बाहेर काढून यायच्या. एक आजी तर टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या, आणि आई नंतर ओल्या फडक्याने काच पुसत बसायची. आईला त्या मालिकेचं वेगळंच कौतुक होतं. "अयोध्येत निम्मी आपली माणसं आहेत," असं ती म्हणायची. खरंच होतं ते. कौसल्या म्हणजे जयश्री गडकर, 'सांगत्ये ऐका'मुळे 1959 पासून आईच्या पिढीची लाडकी. दशरथ झालेले बाळ धुरी, आणि हे दोघं प्रत्यक्षातही नवरा-बायको. मंथरा म्हणजे येवल्याच्या ललिता पवार. आणि भरत म्हणजे संजय जोग. हा गुणी नट 1995 मध्ये जेमतेम चाळिशीत गेला. त्याचे डोळे मला अजून आठवतात. रडताना तो तोंड वेडंवाकडं करायचा नाही, फक्त गप्प व्हायचा.

तर 2020 मध्ये आम्ही मायलेकी पुन्हा 'रामायण' बघायला लागलो. मी दिल्लीत, ती वाईत, फोन स्पीकरवर. जाहिराती लागल्या की गप्पा.

आता माझ्याबद्दल थोडं खरं सांगते. मी सगळं ताब्यात ठेवणारी बाई आहे. आईच्या फ्रिजवर मी गोळ्यांचं वेळापत्रक चिकटवलेलं, तीन रंगांत. सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ असे माझे तीन फोन ठरलेले. मागच्या दिवाळीत तर हॉलमध्ये कॅमेराही बसवून आले होते. मोबाइल उघडला की आईची खुर्ची, टीव्ही आणि देवघराचा कोपरा दिसायचा. आई म्हणाली होती, "मी काय बँक आहे का गं?" मी ऐकलं नाही.

माझी देवभक्तीही साधारण अशीच. हे मंत्रालयात नोकरीला आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. मी देवाला प्रस्ताव पाठवायचे, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. उत्तर काय यायला हवं तेही मीच मसुद्यात लिहून द्यायचे. यालाच मी श्रद्धा समजत होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरतभेटीचा भाग आला. राम परत यायला तयार नाही, भरत त्याच्या पादुका मागून घेतो आणि डोक्यावर ठेवून परततो. जाहिरात लागल्यावर मी म्हटलं, "बिचारा! राज्य मिळालं पण काय उपयोग." आई म्हणाली, "बिचारा कशाला? त्याला कळलं की हे आपलं नाही. एकदा ते कळलं की काम सोपं होतं." मी हं म्हणून सोडून दिलं. त्या दिवशी मला तिच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्याची काळजी होती.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्री नवाचं 'रामायण' सुरू झालं. जाहिरातीत फोन केला, उचलला नाही. कॅमेरा उघडला. टीव्ही चालू होता, त्याचा निळसर उजेड भिंतीवर हलत होता. खुर्ची रिकामी होती. बाथरूमला गेली असेल म्हटलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पडद्यावर युद्ध चाललेलं, बाण सुटतायत, आणि माझ्या हातातल्या फोनवर एक रिकामी खुर्ची. मी इतक्या काळजीने लावलेल्या कॅमेऱ्याने मला त्या रात्री एवढंच दाखवलं.

शेजारच्या काकूंना फोन केला. दाराला आतून कडी. त्यांचा मुलगा परसाच्या भिंतीवरून उडी मारून आत गेला. कॅमेऱ्यात तो एका बाजूने आला आणि दुसऱ्या बाजूने दिसेनासा झाला. मग बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज आला, "ताई, काकू पडल्यात. शुद्धीवर आहेत. पाय हलवता येत नाही."

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या मुलाने रुग्णवाहिका मिळवली, पोलिसांना कागद दाखवले, रात्री साताऱ्याला नेलं. दोन दिवसांनी ऑपरेशन ठरलं. मी काय करत होते? घरात येरझाऱ्या. विमान नाही, रेल्वे नाही, गाडीने जायचा पास मिळेना. त्या रात्री देवाशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवस बोलून झाले, धमक्या देऊन झाल्या. पहाटे चारला देवघरासमोर बसून मी त्याला विचारलं की इतकी वर्षं मी तुझं केलं ते कशासाठी? उत्तर आलं नाही. मला काही साक्षात्कार झाला नाही, असं आधीच सांगते. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर तेवढा वाजला.

वरच्या मजल्यावर प्रयागराजच्या एक आंटी राहतात. मुलगा नोकरीला, पण लॉकडाऊन लागला तेव्हा तो कामासाठी बंगळुरूला गेलेला आणि तिथेच अडकलेला. त्यामुळे त्याही एकट्या. सकाळी मी त्यांच्या दाराशी दूध ठेवायला गेले तर माझा चेहरा बघून त्यांनी तिथेच, चार हात लांबून, सगळं विचारून घेतलं. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मला ती अर्धीच माहीत होती.

तुळशीदासांच्या रामचरितमानसात हनुमान पर्वत घेऊन लंकेकडे निघतो तेव्हा अयोध्येवरून जातो. भरताला वाटतं कुणी राक्षस आहे, तो बाण मारून त्याला खाली पाडतो. मग हनुमानाच्या तोंडून रामनाम ऐकून तो धावत जातो आणि त्याला सगळं कळतं. लक्ष्मण मूर्च्छित पडलाय, राम संकटात आहे, रात्र सरायच्या आत औषध पोचायला हवं. "अब सोचो," आंटी म्हणाल्या, भरताला तर आता सगळं माहीत झालं ना? भाऊ मरणाच्या दारात आहे आणि हा इथे. तो हनुमानाला वाटेला लावतो. आणि मग परत नंदिग्रामला, पादुकांपाशी.

मी खाली आले आणि कितीतरी वेळ तशीच बसले. चौदा वर्षांत भरताला एकदाच बातमी कळली, तीही अशी अर्धवट. लक्ष्मण वाचला की नाही हे कळवायला दुसरा हनुमान लगेच आला नाही. त्याने उरलेले दिवस कसे काढले असतील? सकाळी उठून न्यायनिवाडे केले असतील, कोठारं बघितली असतील, शरयूच्या घाटाची डागडुजी करवली असेल. मन लंकेत आणि हात अयोध्येत. तोवर मला वाटायचं विश्वास म्हणजे सगळं ठीक होईल अशी खात्री. भरताला अशी कुठली खात्री होती? वाल्मीकी रामायणात तर त्याने रामाला बजावून सांगितलंय, चौदा वर्षं संपल्यावर तू दिसला नाहीस तर मी अग्निप्रवेश करेन. ज्याला खात्री असते तो असं बोलत नाही. पण तोवर राज्याची घडी मोडू द्यायची नाही, हे मात्र त्याचं पक्कं होतं.

(मांडवीचं काय, हा प्रश्न मला आहेच. भरत नंदिग्रामला पर्णकुटीत, आणि ती राजवाड्यात. तिला कुणी विचारलं? आईला विचारलं तर म्हणाली, "बायकांच्या चौदा वर्षांचं कुणी पारायण करत नाही." यावर पुन्हा कधीतरी लिहीन.)

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नऊला मी टीव्ही लावला नाही. आंटींच्या शुगरच्या गोळ्या आणायच्या होत्या. मास्क लावून आयएनए मार्केटच्या बाजूला औषधाच्या दुकानापर्यंत गेले. आखलेल्या गोलांत उभं राहून अर्धा तास रांग. त्या अर्ध्या तासात मी साताऱ्याला एकही फोन केला नाही, कारण तिथे काकूंचा मुलगा होता आणि त्याचे हात मोकळे राहायला हवे होते. हे लिहायला सोपं आहे. तेव्हा हात थरथरत होते. परत येऊन गोळ्या वर दिल्या, खाली येऊन वरणाला फोडणी घातली. कढीपत्ता तोडताना फोन वाजला. झालं होतं, नीट झालं होतं.

संध्याकाळी आईने व्हिडिओ कॉल केला. औषधांनी जड झालेली जीभ, पण डोळे तेच. मी रडत सुटले, आई मी तिथे नव्हते, मी काहीच करू शकले नाही. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भरताने पादुका सिंहासनावर ठेवल्या गं. तू डोक्यावर घेऊनच हिंडतेस. मान दुखत नाही का?"

25 मेला देशातली विमानं सुरू झाली. जूनमध्ये मी पुण्याला उतरले, तिथून गाडीने वाईला. आणि गंमत बघा, हातावर शिक्का बसला, चौदा दिवस गृहविलगीकरण. भरताची वर्षं, माझे दिवस. बाहेरच्या खोलीत मी, आतल्या खोलीत आई, मधे उंबरठा. ती वॉकर घेऊन एकेक पाऊल टाकायची आणि मी उंबरठ्याच्या अलीकडून बघायची. दोनदा ती डगमगली, मी उठले, तिने हात करून मला थांबवलं. तिची मदतनीस बाई होती शेजारी. काकू रोज डबा देऊन जायच्या. माझ्याशिवाय आईचं जग चाललं होतं, हे बघताना बरं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं टोचलंही.

आई पहिल्यासारखी चालत नाही आता. गणपतीच्या घाटावर रोज जायची, तेही बंद झालंय. चैत्रात श्रीधरांचा 'रामविजय' वाचते तो खुर्चीवर बसून, पूर्वी जमिनीवर मांडी घालून वाचायची. मला वाईट वाटतं. तिला विचारलं तर म्हणते, पोथीला काय फरक पडतो?

दिल्लीला परतले त्या रात्री सवयीने मोबाइलवर कॅमेरा उघडला. पडदा पांढरा. आधी छातीत धस्स झालं. मग नीट पाहिलं तर कापडाची वीण दिसली. आईने कॅमेऱ्यावर पंचा टाकला होता. नऊ वाजले होते, माझ्या फोनची वेळ. मी फोन हातात घेतला, खाली ठेवला आणि ओटा पुसायला लागले. सकाळी सातला दहा कमी असताना तिचाच फोन आला. कैरी उतरवलीय म्हणाली, पन्हं करू की मेथांबा?