मंदीकाळातील सरकारी खर्च आणि पक्षीय मतभेद : अमेरिकेच्या २००९ मधील कायद्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक कोसळली आणि अमेरिकेतील वित्तीय अरिष्टाने जागतिक मंदीचे रूप धारण केले. या मंदीवर उपाय म्हणून १७ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी 'अमेरिकन रिकव्हरी अँड रिइन्व्हेस्टमेंट ॲक्ट' या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याचा अंदाजित भार ७८७ अब्ज डॉलर होता. या कायद्यावरून उद्भवलेल्या पक्षीय मतभेदाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
खाजगी मागणी घटली असता सरकारने खर्च वाढवून ती उणीव भरून काढावी, हा विचार केन्स यांनी १९३६ मध्ये मांडला. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असल्याने मूळ खर्चाहून अधिक उत्पन्न निर्माण होऊ शकते; यालाच गुणक परिणाम म्हणतात. यावर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात. सरकारी कर्जउभारणीमुळे व्याजदर वाढून खाजगी गुंतवणूक मागे पडते, हा पहिला. आणि भावी करवाढीच्या अपेक्षेने लोक बचत वाढवितात, हा रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये मांडलेला दुसरा. मात्र डिसेंबर २००८ मध्ये फेडरल रिझर्व्हने आपला व्याजदर जवळपास शून्यावर आणला होता. त्यामुळे पहिल्या आक्षेपाचे बळ कमी झाले होते आणि चलनविषयक धोरणाचे नेहमीचे साधनही संपुष्टात आले होते.

मतदान व मतभेदाचे स्वरूप :
प्रतिनिधिगृहात हे विधेयक २४६ विरुद्ध १८३ मतांनी संमत झाले. एकाही रिपब्लिकन सदस्याने त्यास मत दिले नाही. सिनेटमध्ये आवश्यक असलेली ६० मते सुसान कॉलिन्स, ऑलिम्पिया स्नो आणि आर्लेन स्पेक्टर या तीन रिपब्लिकन सदस्यांमुळेच मिळाली. विधेयकाचा आकार मर्यादित ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजेच खर्चाची रक्कम मागणीतील तुटीपेक्षा साठाव्या मताने ठरविली.

तथापि वाद 'खर्च करावा की करू नये' एवढाच नव्हता. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी सुमारे ४२० अब्ज डॉलरचा पर्यायी प्रस्ताव मांडला होता. उलट संमत कायद्यातही एक तृतीयांशाहून अधिक वाटा करसवलतींचाच होता. मतभेद प्रामुख्याने रकमेबद्दल आणि करकपात व प्रत्यक्ष खर्च यांच्या प्रमाणाबद्दल होता. बहुतेक घटक राज्यांना आपला अंदाजपत्रकीय ताळमेळ राखणे बंधनकारक असते. त्यामुळे मंदीत महसूल घटताच ती खर्चात कपात करतात. ही कपात टाळण्यासाठी राज्यांना दिलेले साहाय्य हे या कायद्याचे महत्त्वाचे, परंतु दुर्लक्षित अंग होय.

मूल्यमापनातील अडचण :
जानेवारी २००९ मध्ये क्रिस्टिना रोमर आणि जेरेड बर्नस्टाईन यांनी असा अंदाज वर्तविला होता की, योजना राबविल्यास बेरोजगारी सुमारे ८ टक्क्यांवर रोखली जाईल, अन्यथा ती ९ टक्क्यांपर्यंत जाईल. प्रत्यक्षात ऑक्टोबर २००९ मध्ये ती १० टक्क्यांवर पोहोचली. विरोधकांनी यास योजनेचे अपयश मानले. पॉल क्रुगमन यांच्यासारख्या समर्थकांनी योजना अपुरी असल्याचे हे लक्षण मानले. वास्तविक, अंदाजाचा पायाच चुकला होता. २००८ च्या अखेरच्या तिमाहीतील उत्पादनाची घट वार्षिक दराने प्रथम ३.८ टक्के दाखविली गेली; सुधारित आकडेवारीत ती ८ टक्क्यांहून अधिक ठरली. योजना नसती तर काय झाले असते, हे प्रत्यक्ष पाहता येत नाही; त्याचा केवळ अंदाज करता येतो. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या मते २०१० च्या तिसऱ्या तिमाहीत या कायद्यामुळे १४ ते ३६ लाख अधिक लोकांना रोजगार होता. या अंदाजाची रुंदीच विषयाची अनिश्चितता दर्शविते.

तुलना :
फेब्रुवारी २००८ मध्ये जॉर्ज बुश यांच्या कारकीर्दीत करपरताव्याचा कायदा प्रतिनिधिगृहात ३८० विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला. मार्च २०२० मध्ये, डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष असताना, सुमारे २.२ लाख कोटी डॉलरचे विधेयक सिनेटने ९६ विरुद्ध ० मतांनी स्वीकारले. जो बायडेन यांच्या काळातील मार्च २०२१ च्या १.९ लाख कोटी डॉलरच्या विधेयकास मात्र एकही रिपब्लिकन मत मिळाले नाही. परिस्थिती व तरतुदी भिन्न होत्या, हे मान्य करूनही सत्तेवर कोण आहे याचा प्रभाव नाकारता येत नाही. त्याचबरोबर २०२१ मधील विरोध निराधार होता असेही म्हणता येत नाही. जून २०२२ मध्ये भाववाढीचा दर ९.१ टक्क्यांवर गेला आणि त्याच्या अनेक कारणांपैकी हा खर्च एक होता.

निष्कर्ष :
सरकारी खर्चाची परिणामकारकता शिथिल साधनसामग्री, व्याजदर व खर्चाचे लाभार्थी यांवर अवलंबून असते. पक्षनिष्ठा मात्र या अटी तपासण्याआधीच निर्णय देते. २००९ नंतर अमेरिकेतील बेरोजगारी सप्टेंबर २०११ पर्यंत ९ टक्क्यांखाली आली नाही. तडजोडीतून ठरलेल्या रकमेची किंमत मोजणाऱ्या बेरोजगारांना त्या तडजोडीत स्थान नव्हते. म्हणूनच अशा धोरणाचा अभ्यास करताना मतविभागणी हा त्याच्या गुणदोषांचा पुरावा मानणे युक्त ठरत नाही.