कडी काढा की!

शाळेच्या हॉलमध्ये काळोख मिळत नाही. वर झरोके, बाजूला जाळीच्या खिडक्या, त्यात भीतीच्या नाटकाचा प्रयोग भर दुपारी. खिडक्यांना सतरंज्या टांगल्या तरी फटीतून ऊन येतंच. विंगा, डिमर, ब्लॅकआऊट ही नाट्यगृहाची चैन. आणि इथलं, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेलं १९१५चं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत सापडलं.

मग भीती कानावाटे आणावी लागते. एडगर अ‍ॅलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये (१८४३) फरशीखाली पुरलेल्या म्हाताऱ्याचं काळीज धडधडतं, ते फक्त खुन्याला ऐकू येतं. इथली पोरं लगेच हलगी काढतात. हलगी नको, ती कडाडली की खासबागेतली कुस्ती आठवते! बाकावर मुठीची मऊ बाजू आपटली की पुरे.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘द मंकीज पॉ’ (१९०२) त्याहून सोयीची. मागणं पुरवणारा माकडाचा मंतरलेला पंजा मुळातच हिंदुस्थानातल्या फकिराचा, एका सार्जंटने विलायतेला नेलेला. म्हातारा बाप पंजाकडे दोनशे पौंड मागतो. मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि नेमके तेवढेच पैसे भरपाई म्हणून घरी येतात. मग आईच्या हट्टापायी बाप पंजाकडे मेलेला मुलगाच परत मागतो. कोल्हापुरात मुलाला शाहू मिलमध्ये लावलं की कथा मुक्कामाला पोचते.

‘पोरांना असलं कशाला?’ असं कुणी तरी विचारतंच. गूढकथा लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनीच ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण मुलांपुढे आणली आणि मुलं खूश झाली, हे अशा वेळी सांगावं.

खरी ओढाताण वेगळीच. छिन्नविच्छिन्न मुलगा रंगमंचावर यावा, असा सातवी-आठवीचा हट्ट असतो. लाल रंगही आणून ठेवलेला. जेकब्जने मात्र त्याला दाखवलेलंच नाही. दारावर थाप पडते, आई धावते, वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून खुर्ची ओढते. शहाबादी फरशीवरची ती खरखर कुठल्याही मुखवट्यापेक्षा भारी. ‘अवं, पोरगं आलंय न्हवं, कडी काढा की!’ हे वाक्य किंचाळून म्हटलं की प्रेक्षक हसतात. लाडीगोडीने, घाईघाईने म्हटलं की पहिल्या रांगेतली पाचवी एकमेकांना चिकटते.

तेवढ्यात बाप पंजाकडे शेवटचं मागणं मागतो आणि थाप थांबते. दार उघडल्यावर रस्ता रिकामा दिसायला हवा. शाळेत दारापलीकडे व्हरांडा, तिथं हमखास कुणी तरी पाण्याच्या बाटल्या भरत असतं. म्हणून दार प्रेक्षकांच्या बाजूला मानायचं, चौकट ठेवायचीच नाही. आईने हवेतच कडी काढायची आणि समोर बसलेल्या पोरांच्या डोक्यावरून लांब बघायचं.