बांधावरचा हादगा : शेळीला चारा, घराला भाजी

भात झोडून झाले, पेंढा रचून झाला, की आपल्या पाड्यांवर शेळ्या-गुरे मोकळी सुटतात. होळीपर्यंत माळावरचे गवत वाळते आणि शेळीच्या वाट्याला पाचोळाच उरतो. याच दिवसांत दूध आटते, करडे अशक्त होतात. घरात कोणी आजारी पडले, तर हडकलेली शेळी मिळेल त्या भावाने विकावी लागते. शेळी म्हणजे पाड्यावरची बचत. ती उन्हाळ्यात झिजू नये, म्हणून एका ओळखीच्या झाडाविषयी सांगायचे आहे.

युरोपात लाल क्लोव्हर नावाची वनस्पती चाऱ्यासाठी पेरतात. तिने गुरे पोसली जातात, जमीन सुधारते, आणि वाळलेल्या फुलांचा काढा खोकल्यावर घेण्याची तिकडे जुनी रीत आहे. पण तिला थंड हवा लागते. तिच्या जवळचे बरसीम आपल्याकडे थंडीत येते, मात्र त्याला दर आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे लागते. वाणगावच्या आसपास ज्याच्याकडे पाणी आहे, तो मिरची लावतो. कोरडवाहू पाड्याला त्याच कुळातले, पण आपल्या हवेत वाढणारे झाड हवे. ते म्हणजे हादगा.

पाल्यात काय आहे?

हादगा तूर-वालासारखा शेंगांचा. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. म्हणून पाला कसदार होतो आणि झडलेल्या पाल्याने बांधालगतची जमीनही सुधारते. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. हादग्याच्या वाळलेल्या पाल्यात ती २० ते २५ टक्के असतात. पेंढ्याने पोट भरते, हादग्याने अंग भरते. दोन्ही मिळून द्यावे.

लागवड

बी रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या सुरुवातीला बांधावर टोकावे. दोन झाडांत हातभर-दोन हात अंतर ठेवावे. पहिल्या उन्हाळ्यात मोकाट शेळ्यांपासून काटेरी कुंपणाने जपावे, नाहीतर रोपे उरणार नाहीत. झाड एका वर्षात माणसाच्या उंचीपलीकडे जाते. त्यानंतर खालच्या बाजूच्या फांद्याच काढाव्यात. शेंडा छाटू नये. बुंध्याशी तोडलेला हादगा बहुधा मरतो. इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर भातशेतीच्या बांधांवर असेच हादगे लावतात आणि खालच्या फांद्या गुरांना घालतात.

मोठ्या शेळीला दिवसाला किलोभर ओला पाला पुरे, बाकी गवत-पेंढा. सुरुवात मूठभर पाल्याने करावी. कोंबड्यांना मात्र हा पाला किंवा बी घालू नये, त्यांना ते बाधते.

भाजी आणि औषध

फुलांची भाजी आपल्याकडे होतेच. आतला कडवट केसर काढून फुले चिरली, की कांदा-मिरचीवर परतून झाली. कोवळ्या पाल्याचीही भाजी करतात. त्या पाल्यात शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारे घटक भरपूर असतात.

आयुर्वेदात या झाडाला अगस्त्य म्हणतात. डोकेदुखीवर, सर्दीवर फुला-पानांचा रस नाकात घालण्याचा उपाय जुनी माणसे सांगतात. भाजी अवश्य खा. मात्र मुलांच्या नाकात, डोळ्यांत रस घालू नका. मूल संध्याकाळी अडखळत असेल, तर ती रातांधळेपणाची खूण असू शकते. त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्या. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी मोफत मिळतो. तो चुकवू नका. झाड जेवणाला साथ देईल, पण डॉक्टरची जागा घेणार नाही.

आपल्या भागातल्या माणसांनी दुसऱ्यांसाठी पुष्कळ गवत कापले. १९४५ साली वारली बांधव उभे राहिले, तेव्हा गवतकापणीच्या रास्त मजुरीचीही मागणी होती. आता आपल्याच शेळीसाठी, आपल्याच बांधावर चारा वाढवूया. येत्या पावसात प्रत्येक घराने दहा हादगे लावावेत. बी विकत आणायची गरज नाही. शेजारच्या झाडाच्या शेंगा वाळल्या, की मूठभर मागून ठेवा.