पाणी, माग आणि पत्ता : सोलापुरातील भाड्याच्या घराचा हिशेब

सोलापुरात भाड्याचे घर पाहायला गेलेला माणूस खोल्या मोजण्याआधी विचारतो, "पाणी किती दिवसांआड येतं?" परगावच्या माणसाला हे विचित्र वाटते. इथे मात्र भाड्याचा आकडा बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरतो. १८७१ सालचा एकरुख तलाव, टाकळीजवळून उचललेले भीमेचे पाणी आणि सुमारे शंभर किलोमीटरवरून जलवाहिनीने येणारे उजनीचे पाणी, एवढे आधार असूनही साडेनऊ लाखांच्या (२०११ ची जनगणना) या शहराला नळाचे पाणी रोज मिळत नाही. म्हणून जमिनीखाली हौद असलेल्या घराचे भाडे जास्त आणि दाराशी दोन बॅरलसुद्धा ठेवता येत नाहीत त्या खोलीचे कमी. पाणी अपरात्री येत असेल तर घरात जागणारे एक माणूस हवे. नवरा-बायको दोघेही कामाला जाणारे असतील तर तेही हिशेबात धरावे लागते.

मी कोणत्या विद्यापीठाचा अभ्यासक नाही. गेली काही वर्षे पेठापेठांतल्या जुन्या भाडेकरूंशी बोलून, त्यांच्या ट्रंकेतल्या पावत्या पाहून टिपणे काढत आलो, एवढेच. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली : या शहरात कष्टकऱ्याने घर निवडले ते कामाच्या अंतरावरून.

१८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. भोंगा ऐकू येईल एवढ्या टापूत चाळी उठल्या. (याच शहरात ज्यांना पत्ता निवडण्याची मुभाच नव्हती अशीही माणसे होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्यांची वसाहत आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखली जाते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नाव मात्र राहिले.) गिरण्या बंद पडल्यावर भोंग्याचा हिशेब संपला.

पूर्वभागाचा हिशेब मात्र संपलेला नाही. साखर पेठ, अशोक चौक, दत्तनगर या बाजूला तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. इथे घर आणि कारखाना यांच्यात बऱ्याचदा एक भिंतच असते. यंत्रमाग तळमजल्यावर लागतो, त्याला पक्की जमीन आणि वेगळी वीजजोडणी लागते. मालक वर राहतो, कामगार शेजारच्या गल्लीत. खटखटाट ज्याला सोसत नाही त्याने तिकडे खोली पाहू नये. ज्याची रोजी त्या आवाजावर आहे त्याला मात्र शांतता म्हणजे मंदी.

त्याच घरातली बाई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर. पाने-तंबाखू आणायची आणि वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या त्या कारखान्याच्या शाखेत. शाखा लांब असेल तर जाण्यायेण्यातच शेकड्याचे नुकसान. शिवाय तेंदूची पाने कापण्याआधी भिजवावी लागतात, म्हणजे पाण्याचा प्रश्न पुन्हा आलाच. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरे झाली. पुढे रे नगरच्या तीस हजारांपैकी पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये वाटली गेली. भाड्यातून सुटका ही मोठीच गोष्ट, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण घर शहराबाहेर गेले की शाखा, शाळा आणि दवाखाना यांचे अंतर पुन्हा मोजावे लागते, हे मालकीने बदलत नाही.

नोकरदार मंडळी आता जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडे पाहतात. १९९२ च्या हद्दवाढीने शहर कागदावर कितीतरी पटींनी मोठे झाले. रस्ते, गटारे त्या वेगाने गेली नाहीत. तिकडे हवा आहे, पार्किंग आहे. घर पाहायचे असेल तर पावसाळ्यात जाऊन पाहावे. आणि वरच्या मजल्यावरची स्वस्त खोली एप्रिलच्या दुपारी पाहावी. कसब्यातल्या माळवदाच्या घरात जो गारवा असतो तो स्लॅबखाली नसतो.

सगळे जुळले तरी एक प्रश्न उरतो : "आपण कोण?" आडनाव विचारून 'खोली कालच गेली' म्हणणारे घरमालक मला सर्व समाजांत भेटले. यावर तोडगा माझ्याजवळ नाही.

करारावर मात्र आहे. स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचे लिहून नोटरी केली की झाले, असे सर्रास मानले जाते. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. वाद झाला म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही, आणि मिळालेल्या भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे. ज्या जुन्या पावत्या मी पाहिल्या, त्यांतल्या कित्येकींवर मालकाची सहीच नव्हती.