चाकांवरच्या घरांतलें पाणी



महाबळेश्वरच्या पाण्याचें कौतुक आपणांस नव्यानें सांगावयास नको. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचा उगम भाविक लोक तेथील पंचगंगेच्या देवळांत मानतात. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनीं १८४२ सालीं बांधविलेलें वेण्णा तळें आजहि गांवाची तहान भागवितें. अशा ठिकाणीं जाऊन कोणी पाण्यानें आजारी पडेल, हें मला खरें वाटलें नसतें. परंतु दोन वर्षांपूर्वीं तसा प्रसंग आमच्याच कुटुंबावर आला.

माझ्या मुलानें मोटारीमागें जोडून ओढावयाची एक कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचें घरच, भाड्यानें आणिलें होतें. आंत निजावयाच्या फळ्या, लहानसा ओटा आणि तळाशीं शंभर लिटरांची टाकी. वाईस एका स्नेह्यांच्या नळावर ती टाकी आम्हीं भरून घेतली व पसरणीचा घाट चढलों. तिसऱ्या दिवशीं पांच वर्षांच्या नातीस ताप व जुलाब सुरू झाले. शेवटीं सलाईन लावावें लागलें. मी वाईच्या नळास दोष देऊं लागलों. पण स्नेह्यांच्या घरचीं सर्व माणसें तेंच पाणी पिऊन ठणठणीत होतीं. तेव्हां डॉक्टरांनीं शांतपणें विचारलें, "मास्तर, पाणी चांगलें असेल, पण टाकी केव्हां धुतली होती?"

चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मला या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. परत येऊन नळाच्या तोंडाची जाळी काढली, तों आंत बोटाला लागेल असा तपकिरी बुळबुळीत थर! मुलीच्या आजाराचें कारण तोच होता, असें मी शपथेवर सांगणार नाहीं. परंतु तें पाणी मीच तिला पेल्यांत ओतून दिलें होतें, हें विसरतां येत नाहीं.

हा थर कसा होतो? अशी गाडी पावसाळ्यांत चार महिने बंद उभी राहते. टाकींत व नळ्यांत उरलेल्या ओलाव्यांत सूक्ष्म जंतु भिंतींना चिकटतात आणि स्वतःभोंवतीं चिकट आवरण निर्माण करितात. नुसतें पाणी बदलल्यानें तें निघत नाहीं. म्हणजे पाणी शुद्ध करणें निराळें आणि पाण्याची वाट शुद्ध करणें निराळें. इंग्लंडांतील मेडस्टन गांवीं १८९७ सालीं विषमज्वराची मोठी सांथ आली, तेव्हां पाण्याच्या नळांतच ब्लीचिंग पावडरचें द्रावण सोडून ते निर्जंतुक करावे लागले होते.

आतां कृति सांगतों. प्रथम टाकी पूर्ण रिकामी करावी व गाळण्या काढून ठेवाव्या. हात पोंचेल तेथवर टाकी घासून धुवावी, कारण मळ राहिला तर औषधाचा जोर त्यावरच खर्च होतो. नंतर पांच टक्के शक्तीचें, सुगंध न घातलेलें सोडियम हायपोक्लोराइटचें द्रावण शंभर लिटरांस शंभर मिलिलिटर या प्रमाणांत घ्यावें. तें आधीं बादलीभर पाण्यांत मिसळून टाकींत ओतावें आणि टाकी कांठोकांठ भरावी. यानंतर प्रत्येक नळ, गरम पाण्याचा व न्हाणीचाहि, क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडून बंद करावा. बहुतेक लोक येथेंच चुकतात. टाकी धुतली जाते आणि नळ्या तशाच राहतात. हें पाणी रात्रभर तसेंच ठेवावें. सकाळीं सर्व काढून टाकावें व वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानें दोनतीनदां धुवावें.

कांहीं सूचना ध्यानांत असूं द्याव्या. हें द्रावण संडास साफ करण्याच्या अम्लांत कधींहि मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. फार दिवस ठेवलेल्या किंवा उन्हांत राहिलेल्या बाटलीचा जोर कमी होतो. काढलेलें पाणी ओढ्यांत सोडूं नये, सांडपाण्याच्या गटारांत सोडावें. महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविलेला आहे, आणि तेथील ओढा पुढें कोणाच्या तरी घागरींत जातोच.

कांहीं जंतूंचीं कवचें क्लोरिनलाहि दाद देत नाहींत. म्हणून मुलांचें पिण्याचें पाणी उकळावें. उंचीमुळें महाबळेश्वरीं तें सुमारें ९५ अंशांवरच उकळतें, पण मिनिटभर खळखळून उकळल्यास तेवढी उष्णता पुरेशी होते.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण स्वीकारलें आहे. आपल्यापैकीं कोणी अशी गाडी भाड्यानें घेतली, तर चाकें आणि ब्रेक पाहतांना मालकास डॉक्टरांचा तो प्रश्नहि विचारावा. उत्तर मिळालें नाहीं, तर निघण्याच्या आदल्या रात्रीं एवढें काम आपणच करावें. आम्हीं आतां तसेंच करितों. बादली धरण्याचें काम नात करिते.