अक्षर शाबूत, किल्ली हरवली

जुन्नरजवळच्या नाणेघाटात, लेण्याच्या भिंतींवर सातवाहनकाळातला लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ब्राह्मी लेख मधली कित्येक शतकं कुणाला वाचता येत नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला आणि अशा भिंती बोलू लागल्या. अक्षरं जागेवरच होती. हरवली होती ती वाचण्याची किल्ली.

संगणकावरची मराठी बिघडते, तेव्हा बऱ्याचदा असंच झालेलं असतं. एखाद्या संस्थेचं संकेतस्थळ नव्या यंत्रावर हलवतात आणि ‘जुन्नर’च्या जागी टोपीवाली रोमन अक्षरं, जपानी येनची खूण असलं काहीबाही उमटतं. संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे सांगणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘जुन्नर’मध्ये ज, उकार, न, हलन्त, न आणि र अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. वाचणाऱ्या प्रोग्रामनं युरोपीय भाषांचा जुना तक्ता हाती धरला, की तो प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजतो. उपाय सोपा आहे: फाइल जतन करताना, पानाच्या सुरुवातीच्या सूचनेत आणि डेटाबेसच्या जोडणीत, तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ-८’च हवं.

जुन्या फॉन्टांची गोष्ट निराळी. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसला, की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. शिवाय त्यांत ऱ्हस्व वेलांटी बहुधा अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे त्या-त्या फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तकच लागतो, आणि नंतर माणसानं मुद्रितं तपासावी लागतात.

खरा धोका प्रश्नचिन्हांचा. ज्या तक्त्यात देवनागरीला जागाच नाही, त्यात मजकूर साठवला, की अनेक प्रोग्राम प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहून मोकळे होतात. मूळ आकडा पुसला जातो. नाणेघाटच्या लेखाचाही काही भाग झिजला आहे. तिथं प्रिन्सेपची किल्ली चालत नाही.

म्हणून मजकूर विचित्र दिसला, तर घाईनं काही जतन करू नये. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवावी. मग त्या प्रतीवर, ओळखीच्या एखाद्या गावाचं नाव नीट उमटेपर्यंत तक्ते बदलून पाहावेत.

डिंभे धरणात मूळचं आंबेगाव बुडालं. अशा गावांची आठवण याद्यांत, स्मरणिकांत, गाण्यांत उरते, आणि ते सारं आता संगणकावर चढतं आहे. तिथं नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठली, तर ती गावं दुसऱ्यांदा बुडतील.